मामाची झावळी

मानुआ मुखिया आला तेव्हा मी मामाला किसलेल्या कंदाच्या लापलापचे मऊ घास भरवत होते आणि माझी तान्ही लेईविया पाठीवर बांधलेली होती. मामाला दात उरले नव्हते, हिला अजून आले नव्हते. एकाच वाडग्यात दोघांचं भागायचं.

"कालोरी, यामच्या कंदांचा सण तोंडावर आला," मुखिया दारातूनच म्हणाला. "आता तरी उठ आणि ती झावळी काढ. आमची पोरं नामालाऊच्या अंड्याची चव विसरली."

"विसरू देत. मी बायकोचं तोंड विसरलो, काही अडलं का?"

"म्हाताऱ्या, अंडी काही तुझ्या एकट्याच्या बापाची नाहीत."

"नाहीतच. पण ती तुझ्या बापाचीही नाहीत. त्यानं एकही घातलेलं मी पाहिलं नाही."

मुखिया हसला, पण रागातच गेला. जाताना लेईवियाचा गाल मात्र ओढून गेला.

गावाच्या वर, डोंगराच्या कुशीतली माती आतून ऊन आहे. नामालाऊ कोंबडीएवढाच पक्षी, पाय मात्र दुसऱ्याचे उसने आणल्यासारखे दांडगे. मादी त्या ऊन मातीत हातभर खोल खड्डा करते, अंडं पुरते आणि चालायला लागते. उबवणं नाही, राखणं नाही. पिल्लू आपणच माती उकरत वर येतं आणि लगेच उडतं. आई कशी दिसते हे त्याला जन्मभर कळत नाही. बाळंतपणानंतर मला त्या पक्षिणीचा फार राग यायचा. मग लेईवियाच्या पोटदुखीच्या दिवसांत थोडा हेवाही वाटायला लागला.

राखण नाही म्हटल्यावर आम्ही उकरणारच. घरोघरी टोपल्या भरून यायच्या. मामानंही उमेदीत पुष्कळ उकरलं. मग एका वर्षी बायका डोंगरावरून उतरल्या त्या रिकाम्या टोपल्या डोक्यावर पालथ्या घालूनच. मामानं आपला वाकड्या सुळ्यांचा डुक्कर गावासमोर मारला आणि वाटेच्या तोंडाशी नामेलेच्या झाडाची झावळी रोवली, बंदीची खूण म्हणून. त्या दिवसापासून आत ना कुऱ्हाड, ना गलोल, ना टोपली. कुणाचं पाऊलसुद्धा नाही. आमच्याकडे झावळीच्या पुढे बोलणं नसतं. जो रोवतो त्याच्याच हातानं ती निघते.

"सणापुरती काढ की, मामा," मुखिया गेल्यावर मी म्हटलं. "लोक तुला शिव्या देतात."

"पोरी, समुद्राची बंदी उठवली तो दिवस तुला आठवतो?"

आठवत होता. माझ्या लहानपणी किनाऱ्यावरचे खडक बंद ठेवले होते, वर्षानुवर्षं. ज्या सकाळी झावळी निघाली, त्या सकाळी सगळं गाव पाण्यात उतरलं. दुपारपर्यंत तिथं एक शिंपलासुद्धा राहिला नाही. आम्ही पोरं पोट दुखेपर्यंत खाऊन वाळूत लोळत होतो.

"बंदी काढायची म्हणजे उपाशी माणसापुढं ताट मांडायचं," मामा म्हणाला. "एवढे दिवस राखायचं ते एका सकाळसाठी?"

"मग ठेवून तरी काय करणार? एक ना एक दिवस..."

मामा हिरड्या दाखवून हसला. "रोवणाराच मेला तर कोण काढणार?"

माझा हात वाडग्यात तसाच राहिला. मेलेल्या माणसाची झावळी कुणीच काढू शकत नाही. ती कायमची.

"तू मुद्दाम थांबलायस?"

"ओरडू नकोस, पाको. पोर जागी होईल. मला आता फक्त वेळेवर मरायचंय. तुझी मामी म्हणायची, या माणसाचं एक काम कधी वेळेवर झालं नाही. हे एक करून दाखवतो."

आणि करून दाखवलं. सणाच्या आधीच गेला. मातीच्या वेळी मुखियानं त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, "लबाड, शेवटी फसवलंसच," म्हणाला, आणि तिथंच खाली बसून पोरासारखा रडला.

त्यानंतर आत जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मेलेल्याची झावळी ओलांडणाऱ्याचं स्वतःचं काही बिघडत नाही. ते संकट त्याच्या घरात जे सगळ्यात लहान असेल आणि रोवणाऱ्याच्या कुळाचं असेल, त्याच्यावर जातं. असं आमच्या आया सांगत आल्या आणि ते तपासून बघावं असं कुठल्या आईला वाटेल? पक्षी मात्र वाढले. पहाटे त्यांची हाक आमच्या केळींपर्यंत ऐकू यायची. मी लेईवियाला उचलून म्हणायची, "ऐक, तुझा आजोबा घोरतोय." ती मान वळवून ऐकायची.

पाऊस सरल्यावर एका सकाळी डोंगरातून घरघर यायला लागली. घरातली भांडी हलली. ज्वालामुखीच जागा झाला असं वाटून बायकांनी पोरं उचलली. दुपारी आवाज एकदम थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

"ज्वालामुखी जेवायला थांबत नाही," माझा नवरा मासिंग म्हणाला.

सगळं गाव झावळीपाशी धावलं. झाडांमधून ते पिवळं यंत्र दिसत होतं. मुखियाची हाक ऐकू जावी इतकं जवळ, पण यंत्राच्या आवाजापुढे कुणाची हाक टिकणार! डोंगरापलीकडच्या गावानं तो उतार आपलाच म्हणून लाकूडवाल्यांना दिला होता. झाड पडलं की आधी पानांचा मोठा श्वास यायचा आणि मग पायाखालची माती हलायची. अंडी त्याच मातीत होती. यंत्राचे पट्टे त्यावरून जात होते, येत होते.

मुखिया झावळीच्या अलीकडे पायाची बोटं आवळून उभा होता. बाकीचे त्याच्यामागे. एवढे धडधाकट पुरुष, नुसते ओरडत होते.

"बघत काय उभे राहिलात?" मासिंग म्हणाला. "चार माणसं यंत्रापुढं बसली तरी ते थांबेल. चला!"

कुणी हललं नाही.

"बसा मग. मी मालेकुला बेटाचा. तुमची झावळी मला लागत नाही."

"तुला नाही लागत, खरंय," मुखिया हळू म्हणाला. त्यानं माझ्या कडेवर पाहिलं. "पण पोर तुझ्या कुळाची नाही, जावई. पोर आईच्या कुळाची."

मासिंगचा पाय उचललेला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांनी लेईवियाला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. मासिंगनं पाय मागे घेतला, खाली बसला आणि गवत उपटत राहिला.

मुखिया आणि काही जण किनाऱ्यानं वळसा घालून पलीकडच्या बाजूनं वर गेले. पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. यंत्र चालवणारा आमच्यासारखाच एका बेटाचा माणूस निघाला. मुखियाला बघून त्यानं टोपी काढली.

"झावळी दिसली असती तर मी तिथंच चावी काढली असती, मुखिया. आईशप्पथ. पण या बाजूला कुठंच नव्हती."

नव्हतीच. मामानं ती आमच्या वाटेवर रोवली होती, आमच्यासाठी. चोर येईल तो आपल्याच घरातून, एवढंच त्याला ठाऊक होतं. पलीकडून कुणी यायचंच नाही कधी.

मुखियानं तिथं नवी झावळी रोवली. खड्डा त्या माणसानंच करून दिला, मग तो चार पावलं मागं झाला आणि यंत्र घेऊन निघून गेला. जाणारच. पाडायला काही राहिलं नव्हतं.

परवा मी लेईवियाला घेऊन वर गेले. मामाची झावळी तांबूस झालीय, पण उभी आहे. तिच्यापलीकडे नुसता लाल चिखल, वरून वाळून भेगाळलेला. राखायला काही नाही, तरी बंदी आहेच. मेलेल्याची झावळी, ती कोण काढणार? मी लेकीला खाली उभं केलं. ती आता बोट धरून उभी राहते.

पलीकडची माती हलली. आधी एक नखी, मग दुसरी. पिल्लू वर आलं, सगळी पिसं चिखलानं अंगाला चिकटलेली. यंत्राच्या खाली हे एक अंडं कसं वाचलं, कोण जाणे. सावली असती तर तिथं दम खाऊन ते उडालं असतं. त्यानं एकदा पंख उघडायचा प्रयत्न केला, ते उघडले नाहीत, आणि मग ते उन्हात चोच उघडी टाकून बसून राहिलं. आमच्यापासून हातभर अंतरावर.

लेईविया हसली. तिनं वाकून हात पुढे केला, झावळीच्या पलीकडे, त्याला उचलायला.

मी तिचा हात मागे घेतला.