गोदामामागचा वेल

मी भोपळ्याचा वेल बोलतोय. आवाज जरा दबका येईल, कारण मला जाड प्लास्टिकच्या गोणीत कोंबलंय आणि गोणीचं तोंड तारेनं आवळलंय. बरंच आहे ते. सध्या मला कुणाला तोंड दाखवायची इच्छा नाही.

माझा जन्म कीटकनाशकांच्या एका जुन्या गोदामामागचा. गोदाम कधीच बंद पडलं, पण पिंपांतून सांडलेली पावडर मातीत मुरली ती मुरलीच. ती कुजत नाही, विरत नाही, नुसती ठाण मांडून बसते. आम्हा भोपळ्यांच्या मुळांना मात्र ती मातीतून ओढून घेता येते. आम्ही ओढायची, देठापानांत साठवायची आणि मग माणसांनी आम्हाला उपटून मोठ्या भट्टीत जाळायचं, असा बेत होता.

बेत माती तपासणाऱ्या बाईंचा, राबणार माळीकाका. काकांची लेक गोदामाला लागूनच राहते. तिच्या मागच्या दाराची पायरी उतरली की हीच माती. तिची छकुली नुकती रांगायला लागलेली, हाताला लागेल ते थेट तोंडात. त्यामुळे त्या दाराला सदा कडी.

"एवढा हंगाम जाऊ दे," काका लेकीला सांगायचे, "मग सोड तिला खुशाल."

हे ऐकलं की माझी छाती फुगायची. वेलाला छाती नसते, तरी फुगायची.

मी झपाट्यानं पसरलो. फुलं आली, की बाई ती खुडायला लावायच्या. माझं फळ चुकूनही कुणाच्या ताटात जाता कामा नये ना! काका खुडताना हळहळायचे. "इतका देखणा वेल, आणि एक भाजी होऊ नये याची," म्हणायचे. तेव्हा मला पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं. भोपळ्याच्या कुळात जन्मून कुणाला एक घास देता येऊ नये, याला काय म्हणावं?

बाकी काकांनी मला जीव लावला. पान पिवळं पडलं की खुडायचं आणि वेलाच्या बुडाशीच पसरायचं, ही त्यांची जन्माची सवय. पाचोळ्यानं माती गार राहते, कुजला की खत होतं. बाईंनी वेल जाळायचा म्हणून बजावलं होतं, पिकल्या पानांचं कुणी बोललंच नव्हतं. मला तर तो गारवा फार आवडायचा. मी मजेत लाड करून घेत होतो.

हंगाम सरला. बाई मातीच्या तपासणीचा निकाल घेऊन आल्या, त्या गोंधळलेल्या चेहऱ्यानं.

"काका, खोलातलं विष कमी झालंय. पण वरच्या मातीत पहिल्यापेक्षा वाढलंय. असं कसं होईल?" बोलता बोलता त्या वाकल्या आणि माझ्या बुडातला काळपट चोथा त्यांनी चिमटीत धरला. "हे काय?"

"पाचोळा, बाई. आम्ही नेहमीच..." काका सांगू लागले.

बाई रागावल्या नाहीत. "मीच सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली गाडलेलं विष मी उपसून वर आणलं होतं आणि पानापानानं मातीवर अंथरलं होतं, नेमकं रांगत्या मुलीच्या हाताला लागेल तिथं. नापास झालेली माणसं माझ्या फळाचं नाव घेतात. आता ती नाराज झाली असती, माझ्याशी बरोबरी नको म्हणून.

काकांनी हातमोजे चढवले, नाकातोंडाला पट्टी बांधली आणि पाचोळ्यासकट वरची माती खरवडून गोण्या भरल्या. मग मला उपटलं. लेक छकुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"म्हणजे अजून एक वर्ष, बाबा?"

"जास्तही लागेल," काका म्हणाले. लेकीकडे बघवत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे बघत होते.

छकुलीनं आजोबांकडे झेप घ्यायला हात पुढे केले. काकांनी मोजे काढले, नळाखाली हात धुतले, साबण लावून पुन्हा कोपरापर्यंत धुतले. तरी त्यांनी तिला घेतलं नाही. "अंघोळ करून येतो," असं पुटपुटत ते भिंतीच्या कडेनं निघून गेले.

उद्या भट्टीची गाडी येईल. मला पुरता जाळा, माझं काही मागे ठेवू नका. पुढच्या हंगामात इथं दुसरा वेल लागेल. त्याचं पान पिकलं की लगेच उचला. उन्हानं तो सुकेल, माना टाकेल, बुडाशी थोडा गारवा मिळावा म्हणून तुमच्याकडे आशेनं बघेल. तुमचा हात मायेचा आहे, काका, म्हणून सांगतो. देऊ नका.