अप्पांच्या खोलीचं छत

वरच्या खोलीतल्या इन्व्हर्टरने पेट घेतला तेव्हा घरातली माणसं नशिबाने खाली होती. आग विझली, बंबवाले नळ्या गुंडाळून निघून गेले, आणि खरी धास्ती त्यानंतर सुरू झाली. वर ओतलेलं सगळं पाणी अप्पांच्या खोलीच्या छतात उतरलं. आधी मधोमध एक पिवळा डाग दिसला, मग तो पसरत पसरत भिंतीला जाऊन भिडला. अप्पांची खाट नेमकी त्याच्याखाली.

खाट हलवायची म्हटलं तर अप्पा हात लावू देईनात. खुब्याचं हाड मोडल्यापासून कुणी उचललं की त्यांचा जीव कळवळायचा. शिवाय मुलाने आणि सुनेने आपल्याला पोत्यासारखं धरायचं, याची भारी लाज.

"मरायचंच असेल तर इथंच मरेन," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड फिरवायचे.

विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला. जाताना म्हणाला, "दुरुस्तीला आमचा ठरलेला ठेकेदार घेतलात तर लगेच काम सुरू होईल. तुमचा माणूस आणलात तर मंजुरीला वेळ लागेल. काय ते तुम्ही ठरवा."

कंपनीचा ठेकेदार दुसऱ्याच दिवशी हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. "ताई, नुसती ओल आहे. वाळली की प्लास्टर खरवडू, नवीन मारू, वर रंग. काका खोलीत राहिले तरी चालेल." सूनबाईच्या नवऱ्याचा चेहरा एकदम खुलला.

सूनबाईने तरीही आपल्या थोरल्या बहिणीचं घर बांधणाऱ्याला बोलावून घेतलं. दाढीवाला, तुसडा माणूस. त्याने खाटेशेजारी उभं राहून लांब दांड्याने छत ठोकून पाहिलं. भिंतीजवळ टणक आवाज आला, मधोमध मात्र रिकाम्या डब्यासारखा. दांडा खाली घेऊन तो चटकन मागे सरला.

"यांना आधी इथून हलवा. टेकू लावून मग फोडायचं."

"आत काय झालं असेल?" तिने विचारलं.

"फोडल्याशिवाय कसं सांगू?"

"पण कंपनीचा माणूस तर म्हणतो, नुसती ओल आहे," नवरा म्हणाला.

"मग त्याच्याकडूनच करून घ्या." दाढीवाल्याने दांडा खांद्यावर टाकला आणि पाणीसुद्धा न पिता चालता झाला.

"घाबरवून काम वाढवतात ही माणसं," नवरा म्हणाला. "अप्पांचे उगाच हाल कशाला? कंपनीवाल्याला हो म्हणून टाकू."

सूनबाई हो म्हणाली खरी, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. अप्पांच्या चादरीवर वाळूसारखी कणी पडायची. ती झटकायची, घटकाभराने पाहावं तर पुन्हा तितकीच. अप्पांना भरवताना तिची नजर सारखी वर जायची आणि घास त्यांच्या हनुवटीवर सांडायचा. "लक्ष कुठंय तुझं?" अप्पा चिडायचे. ती हनुवटी पुसून पुढचा घास करायची.

कंपनीचा ठेकेदार संमतीची सही घ्यायला आला तेव्हा नवरा अप्पांच्या उशाशी बसला होता. ठेकेदार उंबऱ्यात थांबला आणि तिथूनच हात लांब करून त्याने कागद पुढे केला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, पहिल्या दिवशीही हा तिथंच उभा होता. दारातूनच छत पाहिलं, दारातूनच हसला, दारातूनच गेला.

"आत या ना," ती म्हणाली. "खाटेवर टेका जरा."

"नको, इथंच बरंय."

"तो मधला डाग वाढलाय का, एवढं बघून सांगा. इथं खाली उभं राहिलात की नीट दिसेल."

त्याने एकदा वर पाहिलं, मग बुटांकडे. "इथूनही दिसतोय, ताई."

"दोनच पावलं आहेत."

तिने त्याच्यावरून नजर काढली नाही. ठेकेदाराने घड्याळ पाहिलं. दुसरीकडे वेळ दिलीय म्हणाला, सही करून ठेवा म्हणाला आणि निघालाच. नवऱ्याने पेनाला टोपण लावलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

अप्पांना त्यांनी तसंच उचललं. अप्पांनी खाटेची कड घट्ट धरून ठेवली होती. एकेक बोट सोडवावं लागलं. ते ओरडत होते, शिव्या देत होते, आणि कणी नवऱ्याच्या केसांत पडत होती. "वर बघू नकोस, चल," तो पुटपुटला. त्या खोलीचं दार तिला एवढं लांब कधीच वाटलं नव्हतं.

दाढीवाल्याला पुन्हा बोलावलं. आला, पण कपाळावर आठ्या घेऊनच. मंजुरीची वाट न बघता त्याने निदान टेकू तरी लावायला घेतले. दुसरा टेकू छताला नुसता टेकला, तोच मधला भाग सुटून खाली आला. अख्ख्या घराला हादरा बसला. धूळ खाली बसली तेव्हा खाटेची फळी दुभंगलेली दिसली, आणि वर उघड्या पडलेल्या गंजक्या सळया.

संध्याकाळी कंपनीच्या ठेकेदाराचा सहीसाठी फोन आला. तिने काय झालं ते सांगितलं.

"तुम्हाला कळलं होतं ना?" तिने विचारलं.

 तो म्हणाला, "कंपनीने कागदावर प्लास्टर लिहिलं होतं, ताई. मी प्लास्टर सांगितलं."

तिने फोन ठेवून दिला.

अप्पा आता बाहेरच्या खोलीत निजतात. मंजुरी आली, काम सुरू झालं. परवा स्वयंपाकघरात भांडी लावता लावता तिला वर केसासारखी एक चीर दिसली. तिने दाढीवाल्याला हातातलं काम टाकून यायला लावलं. त्याने चिरेखाली उभं राहून छत ठोकलं. टणक आवाज आला.

"चांगलं आहे हे," तो म्हणाला.

"पुन्हा एकदा ठोका," ती म्हणाली.