थ्री स्टार सात सेकंद मागे

दुशान वुकेलिचच्या तळघरात दोन टीव्ही होते आणि एप्रिलमधल्या त्या एका शनिवारी दोन्ही एकदम चालू असत. नवखा कोणी जिना उतरून खाली आला असता तर त्याला वाटलं असतं, म्हातारा बहिरा तरी झालाय किंवा त्याचं डोकं तरी फिरलंय. बार्बरटन गावात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, की खाली दुशान आणि त्याचा मेहुणा लुडविक परीक्षक म्हणून बसलेत आणि आज त्यांच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

परीक्षा ड्राफ्टची नव्हे, ड्राफ्ट दाखवणाऱ्यांची. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने उचलायची, हा सोहळा दर वर्षी तीन दिवस चालतो आणि दोन वाहिन्या तो एकाच सभागृहातून एकाच वेळी दाखवतात. एक कॉन्टिनेंटल, दुसरी थ्री स्टार. गुरुवारी-शुक्रवारी नावाजलेली पोरं जातात. ती काय, कोणीही दाखवील, असं या दोघांचं ठाम मत. शनिवारी दुपारपासून उरलेल्या चार फेऱ्या होतात. ज्यांचं नाव त्यांच्या गल्लीपलीकडे गेलेलं नाही अशी शे-दीडशे पोरं तेव्हा भराभर उचलली जातात. कुठली वाहिनी गृहपाठ करून आलीय आणि कुठली नुसता कोट घालून आलीय, ते तिथे कळतं.

त्यासाठी एक वही होती आणि वहीत रकाने होते. निवडलेल्या पोराचं नाव आधी कोणी सांगितलं, याला फेरीमागे दहा गुण. पोराची आई दाखवली तर दोन. लुडविकला आधी ठाऊक नसलेली एखादी गोष्ट सांगितली तर तीन. ऐन निवडीच्या वेळी जाहिरात लावली तर चार वजा. वायफळ बडबडीचा रकाना सगळ्यात रुंद होता, कारण कोट घातलेली माणसं तीन दिवस बोलत राहिली की काय काय बोलतात याला सुमार नसतो. एकाने एकदा एका पोराच्या मनगटांवर चार मिनिटं भाषण दिलं होतं. त्याचे गुण वजा करून लुडविक थकला होता.

सतरा वर्षं हे चाललं होतं, आणि सतराही वर्षं कॉन्टिनेंटल जिंकलं होतं. लुडविकचं काही जात नव्हतं. दुशानच्या मात्र ते जिवाला लागायचं, कारण त्याची एकुलती एक मुलगी मिलेना थ्री स्टारमध्ये होती. ती पडद्यावर दिसत नसे. पोरांच्या घरी जाऊन, त्यांच्या आयांशी बोलून ती दोन-दोन मिनिटांच्या फिल्मा बनवायची. शेवटी जी नावांची यादी भर्रकन वर जाते, तिच्यात तिचं नाव दिसायचं, आणि ते वाचायला दुशान चष्मा पुसून उभा राहायचा.

एरवी वर्षभर बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे हवा, गुडघा आणि फोन ठेवू का. पण त्या शनिवारी संध्याकाळी दुशान तिला वही वाचून दाखवायचा. तासभर. "पहिल्या रकान्यात पुन्हा भोपळा. तुमचा कॅमेरावाला झोपतो का गं? तिकडे नाव सांगून माणूस खाली उतरला तरी तुमच्याकडे तो अजून पायऱ्याच चढतोय." मिलेना सगळं ऐकून घ्यायची. वरच्या साहेबांना सांगते म्हणायची.

यंदाचा शनिवार शेवटचा होता. थ्री स्टारने पुढच्या वर्षीपासून ड्राफ्ट दाखवणं सोडलं होतं आणि मिलेनाला घोड्यांच्या शर्यतींकडे पाठवणार होते. एकदा, फक्त एकदा, फोन करून तिला "जिंकलीस" म्हणावं, एवढंच दुशानला हवं होतं. दोन-चार गुण इकडचे तिकडे करावेत असं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. बुधवारी आलं होतं, शुक्रवारीही आलं. पण चर्चच्या पत्त्यांच्या डावात सख्ख्या भावाला भरसभेत पकडून देणारा हा माणूस. त्याच्या हातून ते होण्यातलं नव्हतं. शिवाय मिलेनाने ते ओळखलं असतं.

लुडविक साडेअकराला आला. हातात तळलेल्या चिकनचा आणि तिखट भाताचा डबा आणि डोळ्यांवर काळा चष्मा.

"काय रे, कोणाच्या मयताला निघालास?" दुशान म्हणाला.

"मोतीबिंदू काढला मंगळवारी. दोन आठवडे डोळ्यांना ताण द्यायचा नाही."

"मग घरी झोपायचं होतं."

"आणि वही तुझ्या एकट्याच्या हातात द्यायची? बरं ऐक. तो तुझा डबडा टीव्ही मला यंदा दिसायचा नाही. कॉन्टिनेंटल मोठ्यावर लाव."

दुशानने डबा टेबलावर ठेवला. मोठा टीव्ही केबलच्या खोक्याला जोडलेला होता. चित्र असं की खेळाडूच्या कपाळावरचा घाम मोजावा. छोटा टीव्ही मूळचा त्याच्या बायकोच्या, आंकाच्या स्वयंपाकघरातला. त्याची वायर खिडकीतून छपरावरच्या अँटेनाला गेली होती आणि त्याच्यावर सगळ्यांचेच चेहरे किंचित हिरवे दिसायचे. पहिल्या वर्षापासून ठरलेलं होतं, की थ्री स्टार मोठ्यावर.

"मोठा टीव्ही मिलेनाचा आहे," दुशान म्हणाला.

"आणि हा डोळा कोणाचा आहे? तुझ्या सख्ख्या मेहुण्याचा. आंका असती तर तिने आधी माझी खुर्ची पुढे ओढली असती."

आंकाचं नाव काढल्यावर दुशानचा इलाज खुंटला. नेमकं या वर्षी, असं पुटपुटत त्याने वाहिन्या बदलल्या. पोरीला हिरव्या टीव्हीवर बसवल्याबद्दल त्याला फार अपराधी वाटलं.

बारा वाजता चौथी फेरी सुरू झाली. पहिलं नाव छोट्या टीव्हीने सांगितलं.

दुशानने लुडविककडे बघितलं. लुडविकने पहिल्या रकान्यात रेघ मारली. दुसरं नावही छोट्यावर आधी आलं, मग तिसरं. सहावं नाव झालं तेव्हा दुशानला आकाश ठेंगणं झालं होतं. त्याने चिकनची तंगडी उचलली, मग दुसरी उचलली.

"बघितलंस? जायच्या आधी पोरीने सगळ्यांना कामाला लावलं," तो म्हणाला. "झोपलेल्यांना उठवलं तिने."

"आणि कॉन्टिनेंटलवाले सगळे मिळून झोपले म्हणतोस?"

"वय होतं माणसाचं. त्यांच्याकडे तुझ्यासारखे असतील."

लुडविकने रेघ मारली. मनातून त्यालाही बरं वाटत होतं. मिलेनाला पोहायला त्यानेच शिकवलं होतं. "मला काय," तो म्हणाला, "मी लिहितोय. फेरीचे दहाच्या दहा तिला."

पण दुशान आता तंगडी हातात तशीच धरून एकदा या टीव्हीकडे, एकदा त्या टीव्हीकडे बघत होता. छोट्यावर एक माणूस चिठ्ठी घेऊन पायऱ्या चढला, नाव वाचलं, उतरला. मोठ्यावर तोच माणूस मग चढायला लागला. दुशानने मनातल्या मनात मोजलं. सात. पुढच्या नावालाही सात. झोपाळू माणूस कधी पाच सेकंद उशीर करील, कधी दहा. रोज ठोक्याला सात सेकंद उशिरा येणारा माणूस त्याने कारखान्यातही बघितला नव्हता.

अडतीस वर्षं तो बॉयलरच्या कारखान्यात दाब तपासायच्या खोलीत होता. दोन मापकं वेगवेगळा आकडा दाखवू लागली तर तिथे कोणी वाद घालत नसे. मापकांची अदलाबदल करायची. चूक मापकाबरोबर गेली तर मापक खराब. जागेवरच राहिली तर नळी खराब. पोरासोरालाही कळेल अशी ही गोष्ट. मागच्या सतरा वर्षांत त्याने ती तळघरात एकदाही करून बघितली नव्हती, आणि आज लुडविकच्या डोळ्याने ती आपोआप झाली होती.

दोन नावं गेली तरी दुशान गप्प होता. या दोन नावांच्या अवधीत त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने पुढे कोणाला सांगितलं नाही. पण बोलला नसता तर लुडविकला काही कळणार नव्हतं, वही नियमाप्रमाणेच भरली जात होती आणि संध्याकाळी फोनवर "जिंकलीस" म्हणता आलं असतं. मग त्याने तंगडी खाली ठेवली आणि हात पुसले.

"लुडविक, रिमोट दे."

"का?"

"दे तर."

त्याने थ्री स्टार मोठ्यावर घेतलं आणि कॉन्टिनेंटल छोट्यावर. पुढचं नाव छोट्याने आधी सांगितलं. त्याने पुन्हा उलटं केलं. तरीही छोट्यानेच. मग दोन्ही टीव्हींवर थ्री स्टारच लावलं, आणि मिलेनाच्याच फिल्ममधली एक आई छोट्या टीव्हीवर आधी डोळे पुसू लागली, मोठ्यावर नंतर.

"खोकं," दुशान म्हणाला. "केबलचं खोकं सात सेकंद खातंय."

लुडविकने काळा चष्मा काढला. "हे खोकं कधी आणलं आपण?"

"पहिल्याच वर्षी. टीव्ही दोनदा बदलला. खोकं तेच."

"म्हणजे त्यांचा कॅमेरावाला जागा होता."

"हो."

"तू त्या माणसाला काय काय बोललायस, आठवतंय ना? त्याच्या आईपर्यंत गेला होतास एकदा."

दुशानला हसू आलं नाही. तो खुर्चीत बसला तो एकदम म्हातारा झाल्यासारखा. "मान म्हणून मी तिला मोठ्या टीव्हीवर बसवली," तो म्हणाला. "आणि तिथेच दर वर्षी हरवली. वर फोन करून सुनावलं." त्याला फार वाईट वाटत होतं. आयुष्यात चुकीचा आकडा त्याने कोणाच्या गळ्यात मारला नव्हता, आणि मारला तो पोटच्या पोरीच्या.

वाहिन्या पुन्हा आधीसारख्या लावून लुडविकने वहीतला पहिला रकाना उभाच्या उभा खोडला. "हा आजपासून बाद," तो म्हणाला. "आजचाही आणि मागचेही. जुन्या वह्या कुठे आहेत?"

जुन्या वह्या जिन्याखाली होत्या. पाचवी आणि सहावी फेरी चालू असताना दुशान आजचे गुण लिहीत होता, आणि लुडविक वही नाकाला लावून, डॉक्टरचं सगळं सांगणं धाब्यावर बसवून, जुन्या बेरजा नव्याने करत होता. सातवी फेरी संपता संपता त्याने पेन्सिल ठेवली. त्या रकान्याशिवाय सतरापैकी पाच वर्षं कॉन्टिनेंटल जिंकलं होतं. एक वर्ष बरोबरी. उरलेली अकरा मिलेनाची होती.

"अकरा," दुशान म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "अकरा."

"आणि आज?" लुडविकने विचारलं.

दुशानने आजची बेरीज दोनदा केली. पहिला रकाना नसताना आज थ्री स्टार दोन गुणांनी हरलं होतं.

छोट्या टीव्हीवर नावांची यादी वर गेली. मिलेनाचं हिरवट नाव दुशानने उभं राहून वाचलं आणि फोन लावला. खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होतं. तिकडे सामान आवरायला लागले असावेत. पेट्या ओढल्याचे आवाज येत होते.

"बोला परीक्षक," मिलेना म्हणाली. "शेवटचा निकाल. मी खाली बसलेय."

"हरलीस. दोन गुणांनी."

"दोनच? मग सुधारणा आहे म्हणायची. कुठे गेले?"

"सहाव्या फेरीत. त्या नेब्रास्काच्या पोराची आई दाखवली नाहीत. कुत्रा दाखवलात."

"बाबा, ती बाई म्हणाली, माझं रडणं गावाला दाखवू नका. मी तिला शब्द दिला होता."

दुशानने लुडविककडे बघितलं. फोनचा आवाज मोठा होता, लुडविकने ऐकलं होतं. त्याने खांदे उडवले आणि मान हलवली. आई दाखवली तर दोन, असं वहीत होतं. का दाखवली नाही, याला रकाना नव्हता.

"बरं केलंस," दुशान म्हणाला. "पण गुण नाहीत."

"माहीत आहे." ती हसत होती.

"मिलेना, अजून एक आहे." त्याने घसा साफ केला. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाने ती मागायला घेतली की ती लांबते. त्याने खोक्यापासून सुरुवात केली, लुडविकचा डोळा सांगितला, मापकांची अदलाबदल सांगितली, अकरा वर्षं एकेक करून वाचली. "तुम्ही उशीर केला नव्हता. एकदाही नाही," तो म्हणाला. "चूक माझी. तुझ्या त्या कॅमेरावाल्यालाही सांग. मी फार बोललो त्याला."

तिकडे पेट्यांचा आवाज लांब गेला. ती बाजूला गेली असावी.

"मला ठाऊक होतं, बाबा."

"काय ठाऊक होतं?"

"खोक्याचं. दुसऱ्या वर्षी नाताळला घरी आले होते, तेव्हा मागची वायर बघितली. माझा धंदाच तो आहे."

"दुसऱ्या वर्षी?" दुशानचा आवाज चढला. "मग तोंड शिवलं होतं का तुझं? सोळा वर्षं माझं ऐकून घेतलंस. एकदा म्हणायचं, बाबा, तुमचं खोकं खराब आहे."

"म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? तुम्हाला मी ओळखत नाही का? न्याय म्हणजे न्याय. दुसऱ्या दिवशी मला उचलून आईच्या छोट्या टीव्हीवर बसवलं असतं."

दुशानने छोट्या टीव्हीकडे बघितलं.

"तिथे मी जिंकले असते," मिलेना म्हणाली. "पण मला मोठ्यावरच बसायचं होतं."

दुशानने फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग रिमोट उचलून त्याने मोठ्या टीव्हीवर थ्री स्टार लावलं.