हर्षाच्या मधाच्या वड्या

धरमपेठेत माझं मिठाईचं दुकान आहे, अन् तिथे कोणता माल ठेवायचा ते मीच ठरवते. प्रतापनगरची हर्षा दिवाळीपासून माझ्या मागे लागली होती. साखरेचा कण न घालता, नुसत्या मधात संत्र्याच्या जेलीच्या वड्या करते म्हणे. मी म्हटलं, "बाई, मध म्हणजे साखर नव्हे. तो लवकर करपते, अन् जमलाच तर दुसऱ्या दिवशी हवेनं चिकट होते. माझं आयुष्य पाकासमोर गेलं, मले नको शिकवू." तरी पोरगी हटली नाही. चांगली नोकरी सोडून बसली होती. रथसप्तमीपर्यंत एखादं दुकान मिळालं नाही तर हे सगळं बंद करून पुन्हा ऑफिसात जाईन, असं घरी कबूल करून बसली होती.

माझी भाची चिन्मयी तिच्या शेजारीच राहते. चिन्मयीच्या पोरीचं बोरन्हाण होतं, तेव्हा हर्षानं तिथेच वड्या ठेवल्या, मी चाखाव्या म्हणून. दहा महिन्यांची पोट्टी काळं झबलं अन् हलव्याचे दागिने घालून पाटावर बसली होती. आम्ही बायकांनी तिच्या डोक्यावरून बोरं-मुरमुरे ओतले, ती खुदुखुदु हसून राहिली होती.

मग मी वडी तोंडात टाकली, अन् खोटं काहून बोलू, लगेच दुसरी उचलली. रंग केशरी, जराही काळपट नाही. बोटाले चिकटत नव्हती. आधी संत्रं लागलं, मग मागून मध. "कसं जमवलं वं?" मी विचारलं.

"रस आधीच आटवून घेते. मध शेवटी, मंद आचेवर. संत्र्याच्या बिया अन् सालीखालचा पांढरा भाग फडक्यात बांधून रसात सोडते, त्यानं जेली धरते."

बिया तर आम्ही जन्मभर फेकत आलो. मले ती पोरगी मनापासून आवडली.

त्या खुशीत मी वडीचा तुकडा मोडला अन् पाटावरच्या पोट्टीच्या तोंडाशी नेला. आमच्याकडे जन्मल्याबरोबर बाळाले मध चाटवतात, त्यात विचार काय करायचा. तेवढ्यात हर्षानं माझं मनगट धरलं. भरल्या घरात, सगळ्यांसमोर.

"काकू, देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाले मध चालत नाही."

"हा तर शिजवलेला आहे."

"शिजवूनही त्यातले जंतू मरत नाहीत. एवढ्याशा पोटात ते वाढतात. जीव जाऊ शकते."

चिन्मयीची सासू म्हणाली, "आम्ही सगळ्या मध चाटूनच मोठ्या झालो." एका बाईनं हातातली वडी हळूच ताटात परत ठेवली. मग दुसरीनं. हर्षाचं तोंड उतरलं, पण मी तुकडा खाली टाकेपर्यंत तिनं हात सोडला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाण न घेताच मी घरी आले.

माझा भाचा सुमंत धंतोलीत लहान मुलांचा डॉक्टर आहे. त्याले फोन लावला, म्हटलं, ही शहाणी काय सांगून राहिली बघ. तो म्हणाला, "मावशी, तिचे पाय धर." अन् फोन ठेवला.

सकाळी हर्षा दुकानात आली, गेल्या हप्त्यात ठेवून गेलेले, मी उघडलेही नव्हते असे नमुन्याचे डबे परत न्यायले. माझ्याकडे बघत नव्हती.

"हळूच कानात सांगता आलं नसतं का?" मी म्हटलं. "चार बायकांसमोर स्वतःच्याच मालाले नावं ठेवलीस. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला."

"तुकडा तिच्या ओठाशी गेला होता, काकू. कानात सांगायले वेळ कुठे होता?"

"अन् दुकान गेलं त्याचं काय?"

"गेलं तर गेलं. मी ऑफिसात जाईन." तिनं डबे पिशवीत भरले. "त्या पोट्टीले काही झालं असतं तर मी कुठे गेली असती?"

मी गल्ल्यामागून उठले, दारासमोरच्या काचेच्या कपाटातला वरचा खण रिकामा केला अन् तिच्या पिशवीतले डबे काढून तिथे लावले. म्हटलं, "डब्यावर मोठ्या अक्षरात लिही, वर्षाच्या आतल्या बाळाले देऊ नये."

ती रडून राहिली होती. ऐकू आलं की नाही कोण जाणे, म्हणून मी पुन्हा सांगितलं, "वडीच्या नावाच्या वर लिही. खाली नाही."