मिठातला कांदा

मालिनीबाई, घरच्या माई, चौथीपर्यंत शिकल्या होत्या आणि ती चौथी त्यांनी साठ वर्षं पुरवून पुरवून वापरली होती. मुलगा भास्कर हवाई दलात, बदली सरहद्दीवर, सून त्याच्यासोबत. नात अनघा तेवढी शाळेसाठी लखनौला, निशातगंजच्या भाड्याच्या घरात त्यांच्यापाशी. अकरावीच्या पहिल्याच चाचणीत पोरगी जीवशास्त्रात आपटली. उद्या सकाळी पुन्हा प्रॅक्टिकल. त्यातही गेली तर सायन्स सुटणार, आर्ट्सच्या वर्गात नाव लागणार, आणि डॉक्टरकी राहिली बाजूला.

म्हणून संध्याकाळी माईंनी स्वतःच पुस्तक हातात घेतलं. हिंदी पुस्तक, अक्षरं ओळखीची, शब्द मेले परके; पेशीला कोशिका, पडद्याला झिल्ली.

"कोशिका झिल्ली का काम?" माईंनी बोट ठेवून वाचलं.

"क्या अंदर आए, क्या बाहर जाए, वो तय करती है."

"म्हणजे मी. पुढे. केंद्रक?"

"सब वही चलाता है."

"तेही मीच. हा लिहिणारा आपल्या घरात राहून गेलाय की काय?"

अनघा हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"कोशिका को नमक के गाढे घोल में रखें तो?"

"पानी बाहर निकल जाता है, अंदर का सब सिकुड जाता है."

माईंनी शब्दाला शब्द ताडून पाहिला, मान डोलावली आणि पान उलटलं.

मग अनघा चाचरत म्हणाली, "माई, कल घर से प्याज ले जाना है. उसी की झिल्ली निकालनी है."

चातुर्मास चालू होता. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत माईंच्या घरात कांदा उंबरा ओलांडत नसे. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

"बटाट्याची काढा म्हणावं तुझ्या सरांना."

"सब प्याज ही लाते हैं, माई."

माई उठल्या. मग चपला घालून स्वतः बाजारात गेल्या. "माताजी, आप? प्याज?" असं विचारणाऱ्या सब्जीवाल्याला "तुला रे काय करायचंय" म्हणून मराठीत सुनावलं आणि चांगला लालबुंद कांदा निवडून आणला. सकाळी पोरीची धांदल नको म्हणून बाहेर जिन्यावर बसून स्वतःच चिरला. उग्रपणा जावा म्हणून, कोशिंबिरीला जन्मभर करत आल्या तसं, मूठभर मीठ चोळलं, पाण्यात बुडवून डब्यात घातला. डबा रात्रभर जिन्यावरच. सकाळी पोरीच्या हातावर दही घातलं, दप्तरात डबा.

दुपारी अनघा आली ती दप्तर न काढताच बसली.

"सबकी कोशिकाएँ भरी-भरी दिखीं. मेरे में सब बीच में सिकुडा हुआ. जो दिखा वही बनाया. सर बोले, स्लाइड खराब, चित्र भी गलत."

"कांदा तर मी पारखून घेतला होता."

"लौटते वक्त रिक्शे में डब्बे से पानी टपका. उंगली पर लगा, चखा तो खारा." तिने मान वर केली नाही. "माई, नमक डाला था ना?"

कालचं पान माईंच्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं आलं.

त्या तशाच उठून शाळेत गेल्या. श्रीवास्तव सरांनी उठून खुर्ची दिली.

"लडकी की गलती नहीं. मीठ मी घातलं. मैंने डाला."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "माताजी, कारण बिल्कुल सही है. वहीं बता देती तो मैं पूरे नंबर देता. अब सूची ऊपर जा चुकी है."

"फिर से करवाओ. कांदा मी परत आणते."

"यही दूसरा मौका था, माताजी."

भांडायचं म्हणून माई गेल्या होत्या, पण तो माणूस इतका अदबीनं बोलला की भांडायलाही जागा उरली नाही.

दोन दिवसांनी अनघाने आर्ट्सचा फॉर्म पुढे ठेवला. पालकाची सही हवी होती. त्या इंग्रजी फॉर्मात सही तेवढी माईंना कुणाच्या मदतीशिवाय जमणार होती. त्यांनी पेन उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं.

"चालत नाही हे," त्या म्हणाल्या.

पेन चांगलं चालत होतं. अनघाने दुसरं आणून दिलं.