ठेंगूची उंच गाडी

मित्रांनो, माझ्याशी बोलायचं तर जरा मान वर करून या. मी आहेच तशी उंच. डोंगरातल्या रानवाटा तुडवणारी एक जुनी मोटरसायकल. माझ्या टाकीला पोचे आहेत, सायलेन्सरवर ओरखडे आहेत, एक आरसा एका गाडीचा आणि दुसरा भलत्याच गाडीचा आहे. तरीही आज मी इतकी खूश आहे, की इंजिन बंद असूनही धडधडावंसं वाटतंय. का, ते सांगते. थोडी फुशारकी मारीन, तेवढी चालवून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्याबरोबर जन्मलेल्या बहुतेक गाड्या शहरासाठी होत्या, गुळगुळीत टायरांच्या, बुटक्या, नीटनेटक्या. मला मात्र लांबलचक स्प्रिंगा लावल्या, दातेरी टायर चढवले आणि पोट जमिनीपासून चांगलं वर ठेवलं, कारण मला दगडांवरून आणि मुळ्यांवरून जायचं होतं. दुकानात आल्यावर त्याच उंचीनं माझा घात केला. गिऱ्हाईक यायचं, कौतुकानं टांग टाकायचं आणि पाय हवेत लोंबकळले की ओशाळं हसत उतरायचं. एक काका तर दुकानदाराला म्हणाले, "हिच्यासोबत स्टूल फुकट देताय का?" सगळे हसले. मला कुठे तोंड लपवावं कळेना, शिवाय पुढे दिवा असल्यामुळे लपवताही येईना.

अखेर एक दिवस एक उंचापुरा माणूस आला. तो वनरक्षक होता. त्यानं टांग टाकली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि म्हणाला, "ही माझी."

त्यानंतरची वर्षं माझ्या ऐन उमेदीची. रोज सकाळी आम्ही दोघं जंगलात फेरीला निघायचो. कुठे झाड आडवं पडलंय, कुठे पाणवठा आटलाय, कुठे धूर दिसतोय, सगळं बघत जायचो. माझ्या कॅरिअरवर कधी रोपांची टोपली असायची, कधी कुऱ्हाड, तर कधी पाय मुरगळलेला एखादा वाटसरू. जिथे पायी जाणारे धापा टाकत थांबायचे, तिथे मी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत चढायची. एकदा वणवा विझवायला जाणाऱ्यांना मी पाण्याचे कॅन पोचवले. तेव्हा मोठे साहेब माझ्या टाकीवर थाप मारून म्हणाले, "माणसांपेक्षा हीच बरी, रजा मागत नाही." त्या थापेची ऊब मला कितीतरी दिवस पुरली.

मग कचेरीत जीप आली, वनरक्षकाच्या गुडघ्यानं संप पुकारला आणि मी घरामागच्या शेडमध्ये जाऊन पडले. खोटं कशाला बोलू, ते दिवस वाईट होते. टायरांतली हवा गेली. कोंबडी माझ्या सीटवर अंडी घालू लागली. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं कापूस, गवत आणि कुणाच्या तरी मोज्याचे धागे आणून संसार थाटला. घरातले लोक शेडमध्ये यायचे, पण फावडं न्यायला किंवा बादली ठेवायला. धूळ खात पडणं म्हणजे काय, ते मला विचारा.

माझ्या नशिबानं त्या घरात एक मुलगी वाढत होती. वाढत होती असं म्हणायचं, एवढंच. उंची कुठेतरी मध्येच थबकली होती. बाबा, म्हणजे माझा वनरक्षकच, तिला लाडानं ठेंगू म्हणायचे आणि शाळेत सगळे चिडवून ठेंगूच म्हणायचे. तिला लायसन्स मिळालं आणि त्याच दिवशी ती शेडमध्ये शिरली. सोबत तिची जिवलग मैत्रीण होती. ही इतकी उंच की दारातून वाकून आत आली. तिचं नाव पडलं होतं शिडी. शिडीकडे स्वतःची एक छोटी डोंगरगाडी होती आणि चिखलात लोळून आल्याशिवाय तिला रविवार साजरा झाल्यासारखा वाटत नसे.

दोघींनी उंदराला नवं घर दिलं, फिल्टर धुतला, टाकीतलं सडकं पेट्रोल काढलं, चेनवरचा गंज घासला. मग किक मारायची वेळ आली. ठेंगू उलट्या बादलीवर उभी राहून किक मारायची, दमली की शिडी मारायची. दोघींच्या नाकी नऊ आले. शेवटी माझ्या घशात काहीतरी खरखरलं आणि मी एवढ्या जोरात फटफटले की कोंबड्या अंगणभर उधळल्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईनं विचारलं, "काय फोडलंत गं?"

"काही नाही, काकू," शिडी म्हणाली, "तुमची गाडी खोकली."

मित्रांनो, तो खोकला माझ्यासाठी दुसरा जन्म होता.

तेव्हापासून आम्ही चौघी हिंडू लागलो, दोन मुली आणि दोन गाड्या. नेच्यांनी झाकलेल्या वाटा, शेवाळलेले दगड, गार ओढे, धुक्यातली खिंड. पुढची प्रत्येक वळणावर थांबून मागचीची वाट बघायची, हा नियम. चालवण्यात ठेंगू अगदी तयार होती, एखादी वाट एकदा बघितली की विसरायची नाही. अडचण फक्त थांबायची. तिचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत. म्हणून ती डाव्या हाताला दगड किंवा झाडाचं खोड शोधूनच थांबायची, आणि तसं काही नसेल तर शिडी आपली गाडी लावून धावत येऊन माझा हँडल धरायची.

"तुझ्यासाठी वाटेवर ठिकठिकाणी पायऱ्या बांधून घेऊ या," शिडी म्हणायची.

"तू गप्प बस. वरून बोलायला काय जातंय? उंटावरून शेळ्या हाकणारी."

पण बाबांना हे थांबण्याचं प्रकरण पसंत नव्हतं. ते स्वतः पडून उठलेले माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मैत्रिणीनं धरल्याशिवाय थांबता येत नसेल तर ही गाडी तुझ्यासाठी नाही. सुट्टी संपेपर्यंत जमलं तर गाडी तुझी. नाही जमलं तर दादा घेऊन जाईल."

दादा म्हणजे ठेंगूचा चुलतभाऊ. माणूस चांगला. पण तो राहायचा शहरात. मला गुळगुळीत टायर लावून काळा रंग द्यायचा त्याचा बेत होता. सिग्नलपाशी उभी असलेली मी, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मला उभ्या जागी गंज चढल्यासारखं वाटायचं. ठेंगूचं तर विचारूच नका. ती अंगणात रोज सराव करायची आणि रोज मला घेऊन आडवी व्हायची. मग मेकॅनिकनं सुचवलं, की सीट कापू, स्प्रिंगा आखूड करू. ठेंगूनं विचार केला आणि मान हलवली. "मग हिचं पोट दगडाला घासेल. माझ्यासाठी हिला कशाला कापायचं?" मित्रांनो, एवढं आजवर माझ्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी दादा येणार होता. त्या सकाळी दोघी मला शेवटचं फिरवायला घेऊन निघाल्या. शिडी पुढे होती. वाट अरुंद, उजवीकडे डोंगराची उभी बाजू, डावीकडे खोल उतार, आणि खाली ओल्या पानांचा थर. वळणावर शिडी दिसायला हवी होती. दिसली नाही. ठेंगूनं हॉर्न दिला. उत्तर नाही. आम्ही वळण पार केलं आणि माझ्या दिव्यासमोर शिडी वाटेवर आडवी पडलेली होती. तिची गाडी तिच्या उजव्या पायावर होती आणि पेट्रोल थेंब थेंब गळत होतं.

थांबायला डावीकडे दगड नव्हता, झाड नव्हतं, हँडल धरायला शिडी नव्हती. माझी तर पाचावर धारण बसली. ठेंगूनं क्लच दाबला, पुढचा ब्रेक हळूच, अगदी लोण्यात बोट घालावं तसा ओढला, अंग सीटवरून उजवीकडे सरकवलं आणि पाय डोंगराच्या कडेला टेकवला. मी डुगडुगले आणि त्या मातीच्या भिंतीला टेकून उभी राहिले. एवढ्या वर्षांत डोंगर मी खूप चढले, त्यानं मला खांदा दिला तो त्या दिवशी.

ठेंगू धावली. शिडीच्या गाडीकडे पाठ करून बसली, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मागची दांडी पकडली आणि पायांनी जोर लावून गाडी वीतभर उचलली.

"काढ पाय."

"काढतेय. तू दमानं घे, नाहीतर दोघी जाऊ खाली."

पाय निघाला, पण घोटा टम्म सुजला होता. फोनला रेंज नव्हती. ठेंगूनं तिच्या गाडीचा पेट्रोलचा नळ बंद केला, गाडी कडेला टेकवून ठेवली आणि शिडीला माझ्या मागच्या सीटवर बसवलं. परतीच्या वाटेवर थांबायची वेळ आली की शिडी आपला धड डावा पाय खाली सोडायची. ती लांब टांग जमिनीवर आणि हँडल ठेंगूच्या हातात, अशी आमची वरात चालली होती. एका थांब्यावर शिडी म्हणाली, "मघाशी तू उजवीकडे कशी घसरलीस? तशीच डावीकडे घसर की. राणीसारखी मधोमध बसून दोन्ही पाय खाली सोडायला बघतेस, म्हणून पडतेस. एक पाय बास झाला."

 पुढच्या थांब्यावर ठेंगू डावीकडे घसरली. पाय टेकला, थोडा लटपटला. त्याच्या पुढच्या थांब्यावर जरा कमी लटपटला.

अंगणात बाबा उभे होते, दादा उभा होता, आई हात पुसत दारात आली होती. शिडीला मागे बघून बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि सवयीनं ते माझा हँडल धरायला पुढे आले.

"बाबा, नका धरू," ठेंगू म्हणाली. "मी थांबवते."

बाबा जागीच थबकले. आणि मित्रांनो, त्या क्षणी शिडीनं काय केलं ठाऊक आहे? डावा पाय तिला सहज खाली सोडता आला असता. तिनं तो फूटरेस्टवर घट्ट उचलून धरला आणि दुखरा पायही हलू दिला नाही. मी पडले असते तर आधी तिचा घोटाच माझ्याखाली आला असता. पण हे थांबणं ठेंगूचं एकटीचं आहे, हे सगळ्यांना दिसायला हवं होतं. ठेंगू डावीकडे घसरली, बुटाचा तळवा जमिनीवर टेकला, आणि आम्ही तिघी जिथल्या तिथे उभ्या राहिलो. माझा जीव भांड्यात पडला.

आई आधी घोट्यासाठी बर्फ आणायला धावली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग दादाला म्हणाले, "तू दुसरी बघ."

"मी तेच म्हणणार होतो, काका," दादा म्हणाला. "एवढा दम माझ्यात नाही."

शिडीचा घोटा आता बरा होत आलाय. ती शेडमध्ये खुर्चीवर पाय वर करून बसते आणि जुन्या टूथब्रशनं माझे स्पोक घासते. ठेंगू चेनला तेल लावते. आता खिंडीच्या पलीकडे कुठली वाट धरायची, यावर दोघींची जुंपलेली असते.

मित्रांनो, मी बोलते ती एक यंत्र म्हणून, पण माझं एवढं ऐका. आमच्यावरचा चिखल वाळायच्या आधी पुसा. फिल्टर उघडून बघत जा, आत कुणाचा संसार असेल सांगता येत नाही. जपायचं म्हणून आम्हाला झाकून ठेवू नका. आणि तुमचा घोटा दुखत असतानाही तुमच्यासाठी पाय उचलून धरणारं कुणी तुम्हाला भेटलं, तर त्या माणसाला वळणावर मागे टाकून जाऊ नका. थांबा. थांबायला एक पाय पुरतो.