चापावर कुणाचंच बोट नव्हतं

मी एक जुनं पिस्तूल आहे. जुनं म्हणजे वयाने नव्हे, वयाने मी अजून कोवळंच आहे. पण ज्या वस्तूवरचा भरवसा उडतो ती त्याच दिवशी जुनी होते, तसंच माझं झालं. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा हात जोडून बोलतात. फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. मला तुमच्या डोळ्यांतलं पाणी नको. मी निकामी निघाले आणि माझ्यामुळे एका भल्या माणसाचा पाय अधू झाला, हे खरं आहे. पण त्याचा दोष मी घेणार नाही. आणि लोक जिच्या माथी तो मारायला निघाले होते, तिनेही तो घेतला नाही. कसा घेतला नाही, तेच सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वर पत्र्याचं छप्पर, खाली भट्टीची धग. भिंतीवर 'सुरक्षा आधी' अशी पाटी होती. तिच्यावर इतकी काजळी बसली होती की 'सुरक्षा' केव्हाच झाकली गेली होती, नुसतं 'आधी' उरलं होतं. आणि तिथे खरोखरच सगळ्यांना सगळं आधी हवं असे. मागणी मोठी आली होती, माल लवकर बाहेर काढायचा होता.

माझ्या पोटात एक लहानसा खटका आहे. काडतुसावर आदळणारी खीळ मागे धरून ठेवायची, हे त्याचं काम. चाप ओढेपर्यंत त्याने सोडायचं नाही. हा खटका पोलादाचा ठोकळा कापून, घासून करायचा असतो. पण त्याला वेळ लागतो, म्हणून माझा खटका साच्यात ओतून काढला. फोरमनने तो उजेडात धरला, तर आत पावाच्या तुकड्यासारखी बारीक भोकं.

"साहेब, हा पोकळ आलाय," फोरमन म्हणाला. "पिस्तूल पडलं, आपटलं, तर हा सुटेल."

साहेबांना सगळे पाठीमागे 'गुळगुळीत साहेब' म्हणत. त्यांचे बूट गुळगुळीत, केस गुळगुळीत आणि बोलणं तर त्याहून गुळगुळीत. ते हसून म्हणाले, "वरून काळा रंग जाड द्या. पोटातलं कोण बघतंय?"

फोरमन बायकामुलांचा धनी. त्याने तो खटका बसवला. मला रंग मिळाला, तपासणीचा शिक्का मिळाला, आणि तपासणी तेवढी मिळाली नाही.

दुकानाच्या काचेच्या कपाटात मात्र माझा काय तोरा होता! येणारेजाणारे नाक काचेला लावून बघायचे. "काय देखणं आहे!" म्हणायचे. खोटं का बोलू, मीही फुगले होते. आपण कशाचे बनलो आहोत हे वस्तूला स्वतःला कुठे ठाऊक असतं?

मला विकत घेतलं ते एका डॉक्टरीणबाईंनी. त्या जनावरांच्या डॉक्टर. दूरदूरच्या गोठ्यांवर त्यांना एकटीने गाडी हाकत जावं लागे. एकदा आडवाटेला दोघांनी गाडी अडवून औषधांची बॅग हिसकावली होती. म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढला. त्यांच्या सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं.

"घरात हे भूत कशाला आणतेस?" त्या म्हणाल्या. "भावजींना ने की बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही केलं. मलाही ठेवलं आणि दिरालाही बरोबर न्यायला लागल्या. दीर उमदा गडी. गाडी चालवायचा, गाई धरायचा, आणि वाटेत वहिनीला हसवून हसवून बेजार करायचा.

नेमबाजीच्या मैदानावर मला पहिल्यांदा चालवलं, तेव्हाच माझा रंग उघडा पडला. एक गोळी गेली, दुसरी गेली, तिसऱ्या वेळी काडतुसाची रिकामी पुंगळी माझ्या तोंडातच अडकली. बाईंनी ती काढली, पुन्हा नेम धरला, पुन्हा तेच. दुकानदाराकडे नेलं तर तो मान हलवत म्हणाला, "बाई, मनगट सैल पडतं तुमचं. बायकांचं असंच होतं."

"या मनगटाने मी बैल आडवे पाडते," बाई म्हणाल्या.

दुकानदाराने मला तेल पाजलं, पुसलं आणि "आता नव्यासारखं झालं" म्हणून परत दिलं. नव्यासारखंच झाले होते, म्हणजे होते तसंच!

मैदानावरच बाईंना माझी आणखी भावंडं आणि त्यांचे मालक भेटले. एक सराफ होते. त्यांच्या पिस्तुलाचं गोळ्या भरायचं मॅगझिन आपोआप निसटून थेट गिऱ्हाइकाच्या चहाच्या कपात पडलं होतं. एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांच्या पिस्तुलाच्या नळीवरची नेम धरायची माशी पहिल्याच बाराला उडून गेली, ती त्यांना अजून सापडली नव्हती. दोघांनाही कंपनीने एकच उत्तर दिलं होतं, हाताळणी चुकीची.

"एकट्याची चूक असती तर मानली असती," बसड्रायव्हर म्हणाले. "आपण तिघेही एकदम अडाणी कसे?"

तिघे हसले. तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटत होतं.

मग तो दिवस आला. एका गोठ्यात गाय अडली होती. वासरू पोटात आडवं आलं होतं. भर दुपार, गोठ्यात वाफ कोंडलेली. डॉक्टरीणबाई दगडी फरशीवर पालथ्या झोपल्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत गाईच्या पोटात. दीर गाईच्या पुठ्ठ्याशी उभा राहून शेपूट धरत होता. गोठ्याचा मालक गाईच्या कानाशी काहीबाही पुटपुटत तिला धीर देत होता. मी बाईंच्या कमरेला, चामडी खोळीत, खोळीचं बटण लावलेलं, माझी सेफ्टीही लावलेली.

"खूर लागला हाताला," बाई म्हणाल्या. "भावजी, शेपूट सोडू नका."

तेवढ्यात कळ येऊन गाय उसळली. तिच्या लाथेने खोळीचं बटण तुटलं. मी जोरात फरशीच्या कडेवर आपटले. पोटात काहीतरी सटकल्यासारखं झालं, खीळ सुटली, आणि मी उडाले.

दीर ओरडला आणि खाली बसला. त्याच्या घोट्यातून रक्ताची धार लागली. बाई किंचाळल्या, पण हात काढता येईनात. वासरू अर्धं वाटेवर होतं, आता सोडलं तर गाय आणि वासरू दोन्ही जाणार. त्यांनी ओरडून गोठेवाल्याला सांगितलं, "पंचा घट्ट बांधा! घोट्याच्या वर! आणखी घट्ट!" आणि रडत रडत वासरू ओढलं. ते बाहेर आलं, जिवंत. मग तशाच माखलेल्या हातांनी त्यांनी दिराला उचलून गाडीत घातलं.

मित्रांनो, जिथे चालायला हवं तिथे मी अडले, आणि जिथे गप्प राहायला हवं तिथे बोलले. मला असंच घडवलं होतं.

दिराचा जीव वाचला. पण घोट्याचं हाड असं फुटलं होतं की पाय जन्मभर आखडलेला राहणार, असं इस्पितळात सांगितलं. घरात सासूबाई सुनेशी एक अवाक्षर बोलेनात. ताट वाढायच्या, ठेवायच्या आणि निघून जायच्या. बाहेर लोक कुजबुजत होते, बाईंनी चाप ओढला असणार. परवाना अधिकाऱ्यांनी मला जप्त न करता बाईंच्याच लोखंडी कपाटात मोहोरबंद करून ठेवलं आणि चौकशी लावली. हलगर्जीपणा ठरला असता तर बाईंची डॉक्टरकीही गेली असती.

आणि एका सकाळी दारात गाडी थांबली. आत आले ते गुळगुळीत साहेब! एका हातात फळांची करंडी, दुसऱ्या हातात चकचकीत पेटी. दीर कोचावर पाय उशीवर ठेवून बसला होता. सासूबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. बाईंनी साहेबांना समोरची खुर्ची दिली.

"फार वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण घडतं असं. गडबडीत बोट चापावर जातं. माणूस आहे. तुम्ही चौकशीत तेवढं सांगून टाका. कंपनी दवाखान्याचं सगळं बघेल, आम्ही तुमची बाजू सांभाळून घेऊ, आणि हे बघा, तुमच्यासाठी नवं कोरं पिस्तूल आणलंय. याच बनावटीचं."

"माझं बोट चापावर नव्हतं," बाई म्हणाल्या. "वासराच्या खुरावर होतं."

साहेब हसले. "ताई, बाईमाणूस घाबरलं की नीट आठवत नाही."

इतक्यात दारातून आवाज आला. "तुम्ही होतात का तिथे?"

सासूबाई पुढे आल्या. कितीतरी दिवसांनी त्या सुनेच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"पाय माझ्या मुलाचा फुटलाय," त्या म्हणाल्या. "रागवायचं तर मी रागवेन, तो माझा हक्क. पण माझ्या मुलाने मला सांगितलंय, वहिनीचे हात गाईत होते. आणि गोठेवाल्यानेही तेच सांगितलंय. माझी सून भांडखोर आहे, हट्टी आहे, माझं कधी ऐकत नाही. पण खोटं बोलत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. पण त्यांनी ते पुसले नाहीत. त्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, हे नवं पिस्तूल चांगलं आहे म्हणता ना?"

"उत्तम! एकदम भरवशाचं."

"मग आत्ता भरा. कमरेला लावा. आणि आमच्या जिन्यावरून एकदा उड्या मारत उतरून दाखवा. मी लगेच म्हणते, चूक माझी."

मी कपाटात होते, पण कान दाराशी आणि डोळा फटीलाच होता. मला वाटलं, निदान लाजेखातर तरी लावतील. नाही लावलं. त्यांनी पेटीला हात लावला, मग तो काढून रुमालाने पुसला.

"हे काही... नियमात बसत नाही," ते पुटपुटले.

"नियमात नाही, की कमरेवर बसत नाही?" दीर म्हणाला. गोळी लागल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

साहेब उठले. सासूबाईंनी करंडी त्यांच्या हातात दिली. "ही पण न्या. आमच्याकडे फळं आहेत."

पेटी मात्र बाईंनी दिली नाही. "ही राहू दे, चौकशीत लागेल," असं म्हणून त्यांनी साहेबांच्या देखत परवाना अधिकाऱ्यांना फोन लावला.

चौकशी मैदानावर झाली. सराफ आले, बसड्रायव्हर आले, आणि त्यांनी बोलावलेले आणखी कितीतरी जण आपापलं रडगाणं घेऊन आले. अधिकाऱ्यांनी माझ्यात गोळी नसलेलं, नुसत्या बारुदी टोपीचं काडतूस भरलं, सेफ्टी लावली आणि कमरेच्या उंचीवरून मला तिथल्या दगडी फरशीवर सोडलं. काही झालं नाही. पुन्हा सोडलं. काहीच नाही. गुळगुळीत साहेबांच्या चेहऱ्यावर तेल पसरावं तसं हसू पसरलं. बाईंनी दिराचा हात घट्ट धरला.

मित्रांनो, जन्मभर मला चांगलं ठरायचं होतं. त्या क्षणी, पहिल्यांदाच, मला बिघडायचं होतं. लोकांदेखत बिघडायचं होतं! तिसऱ्यांदा मी पडले, गोठ्यात पडले होते तसंच फरशीच्या कडेवर, आणि टोपी फट्दिशी फुटली. मैदानावर सगळे एकदम बोलू लागले. मग ते पेटीतलं नवं कोरं भावंड सोडलं. त्याने मला लाजवलं. ते पहिल्याच पडण्यात फुटलं.

बाई निर्दोष ठरल्या. ही बनावट बंद झाली, विकलेली सगळी पिस्तुलं परत मागवली गेली. कंपनीने माफी मागितली का? नाही. 'ग्राहकांच्या सोयीसाठी' परत मागवत आहोत, असं छापलं. दिराचा पायही बरा झाला नाही. तो काठी घेऊन चालतो आणि गाडी आता वहिनी हाकते. पण कुठल्याही गोठ्यात तो पहिला उतरतो. सासूबाई सुनेशी बोलतात, म्हणजे पूर्वीसारख्या भांडतात. घरात त्याचा सगळ्यांना आनंद आहे.

एका कारागिराने माझा खटका बदलून देतो म्हटलं. बाईंनी नको म्हटलं, आणि मला ते पटलं. उद्या मला आणि माझ्या भावंडांना करवतीखाली देणार आहेत. दीर स्वतः येणार आहे बघायला.

म्हणून जाता जाता बोलते. मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कुठे पडलेली दिसली तर हात लावू नका, मागे फिरा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. ती भरलेली नाही असं कुणी सांगितलं तरी. तुमच्यातलं कुणी उद्या पूल बांधेल, कुणी पाळणा करेल, कुणी औषध. घाईच्या दिवशी तुमच्या हातात एखादा पोकळ तुकडा येईल आणि वरचा माणूस हसून तुमच्याकडे बघेल. तेव्हा तो तुकडा खाली ठेवा आणि म्हणा, "मी हा बसवणार नाही." ओरडले तर ओरडू द्या.

आणि माझ्यासाठी कुणी हळहळू नका. करवतीला फार कष्ट पडणार नाहीत, माझं पोलाद कच्चंच आहे. माझे दोन तुकडे झाले की ते उचलून उजेडात धरा. पोटातलं कुणीच बघत नाही म्हणतात. तुम्ही बघा.